बिरातात्यांच्या स्वप्नांची साक्ष

आमच्या कळस गावच्या दूध डेअरीवर रोज सकाळी न चुकता येणारा, पण कधी थेंबभरही दूध न घालणारा एकच माणूस होता. बिरातात्या. बाकीचे किटल्या, कॅन, चरव्या घेऊन यायचे. तात्या काखेत कुबडी घेऊन यायचे. पायरीवर बसायचे, कुबडी भिंतीला टेकवायचे, धोतराचा सोगा उरलेल्या पायावर नीट पसरायचे आणि म्हणायचे, "आज सपनात काय झालं, सांगू का?"

नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. खरं तर इच्छाही नव्हती.

मी मूळचा बारामतीचा. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत नोकरीच्या निमित्तानं कळसला आलो आणि डेअरीवर फॅट लावायच्या कामाला लागलो. म्हणजे प्रत्येकाच्या दुधाला किती स्निग्धांश आहे ते बघायचं आणि पाणी घालून आणलेल्याशी भांडायचं. पण तात्यांचं स्वप्न सुरू झालं की भांडणं आपोआप मिटायची. धुक्यात रांग उभी, बाया पदर कानावर ओढून घेतलेल्या, कॅनमधून वाफ निघतेय आणि मधोमध तात्यांचा आवाज. खर्जातला, संथ, मेंढरं हाकणाऱ्या माणसाचा.

"उजनीचं पानी बघा, दह्यावानी लागलं व्हतं. घट. आन् माझी मेंढरं त्याच्यावरनं चालली डाळज गावाकडनं पल्याड. खूर उमटतोय न् दर खुरात येक येक मासा. मी मागनं. काठी बी न्हाय हातात. कुनी तरी म्हनलं, तात्या, सावकाश, दही मोडंल. मी म्हनलं, माझं मेंढरू हाय, त्याला दह्यावर चालायची अक्कल हाय."

दुसऱ्या दिवशी वेगळंच. गावात एसटी आली, पण आत माणसं नव्हती, नुसती लोकर भरलेली. कंडक्टरनं विचारलं, कुठं? तात्या म्हणाले, माझा पाय जितं उतरला तितं. कंडक्टर म्हणाला, तो तर मघाच्या गाडीनं गेला, त्याचं तिकीट वेगळं होतं.

रांगेतली माणसं हसायची. पण हसता हसता नजर कुठंतरी लांब जायची आणि दूध ओतताना हात जरा हळू चालायचा.

तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता. तो मोडला, मग ते ऊसतोडीच्या टोळीत गेले. एका हंगामात उसाची ट्रॉली कलंडली आणि डावा पाय खाली सापडला. बारामतीच्या दवाखान्यात तो गुडघ्याच्या वरून काढावा लागला. पाय गेला, पण दुखणं राहिलं. रात्र झाली की नसलेल्या पायाची टाच ठणकायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बाहेरचं बघणाऱ्यानं लिंबू उतरवून टाकलं. टाच ऐकेना. शेवटी कोणीतरी त्यांना इंदापूरच्या शैलाताईंकडे नेलं.

शैलाताई शिकलेल्या वैद्य होत्या. बाजारपेठेत छोटा दवाखाना, मागं औषधं कुटायची खोली. बोलणं तोडून, हात मात्र मऊ. त्यांनी तात्यांना झोपताना घ्यायची एक हिरवट गोळी दिली. विजयेची गोळी. विजया म्हणजे भांगेचं पान. शुद्ध करून, मिरी-जायफळ घालून केलेलं औषध. तात्यांची टाच पहिल्याच आठवड्यात गप्प झाली.

तेव्हापासून तात्या त्या गोळीला 'इजयाबाई' म्हणू लागले. "काल इजयाबाई आली न् मला निजवून गेली." हे वाक्य त्यांनी भर रांगेत इतक्या भक्तिभावानं म्हटलं की पुढचे काही दिवस गावात, तात्यांकडे रात्रीची कोण बाई येते, याचाच शोध चालला होता.

स्वप्नांची कीर्ती वाढत गेली. लोक त्यांच्यावर निर्णय घेऊ लागले. सखूआक्का म्हणून आमच्याकडे दूध घालणारी एक म्हातारी होती. तात्यांहून वयानं थोरली, जिभेनं त्याहून थोरली. तात्यांच्या स्वप्नात तिची म्हैस शिंगांवर चंद्र घेऊन पाण्याकडं चालली होती आणि म्हणत होती, "आक्काला सांगा, मला आडवू नको." आक्कानं दुसऱ्याच आठवड्यात म्हैस डाळजच्या माणसाला विकली. आता तिच्या घरी एक गाय तेवढी उरली होती.

आणि मग फौजदार आले.

नवे, तरुण, लांबून बदली होऊन आलेले. कोणाची तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती, त्याच्या चौकशीला सकाळीच गावात आले आणि चहासाठी डेअरीवर थांबले. तात्यांचं स्वप्न ऐन रंगात होतं. ज्वारीच्या रानात कणसांऐवजी कंदील लागले होते आणि पाखरं ते फुंकून विझवत होती. फौजदार चहा विसरून ऐकत राहिले. संपल्यावर हसून म्हणाले, "वा तात्या! एवढी स्वप्नं पडायला घेता तरी काय?"

तात्यांना वाटलं, साहेबांना आपलं कौतुक वाटलं. त्यांनी बंडीतून पत्र्याची डबी काढली आणि गोळी तळहातावर धरली. "ही आमची इजयाबाई. शैलाताईची किरपा."

फौजदारांनी गोळीचा वास घेतला. त्यांचं हसू हळूहळू पुसलं गेलं.

दोन दिवसांत शैलाताईंच्या दवाखान्यावर धाड पडली. बरण्या जप्त झाल्या, खलबत्तासुद्धा मुद्देमाल म्हणून गेला, मागच्या खोलीला सील लागलं. गांजाला बंदी आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पानाच्या औषधाला परवाना लागतो. बाईंचा परवाना होता, पण मुदत संपली होती आणि नवा सरकारदरबारी कुठंतरी अडकला होता. बाईंना अटक झाली, त्या जामिनावर सुटल्या. सरकारचं म्हणणं एकच होतं. हे औषध नाही, ही नशा आहे. पुरावा? कळसचा बिरातात्या. गोळी खातो आणि रोज त्याला नाही नाही ते दिसतं. अख्खं गाव साक्षीला आहे.

जबाब लिहून घेताना तात्यांना विचारलं, गोळी घेता? ते म्हणाले, व्हय. स्वप्नं सांगता? ते म्हणाले, व्हय. हवालदारानं दोन्ही वाक्यं एकमेकांना जोडून टाकली आणि खाली तात्यांचा अंगठा घेतला.

तात्यांना हे सगळं उमगलं तेव्हा ते मला म्हणाले, "भाऊ, मला इंदापूरला न्हे. बाईचं पाय धरतो." मी घेऊन गेलो. बाई दवाखान्यात नुसत्याच बसल्या होत्या. फळ्या रिकाम्या. तात्या उंबऱ्यातच उभे राहिले. "माझ्या तोंडानं घात केला, ताई."

बाई म्हणाल्या, "तात्या, तुम्ही खरं तेच बोललात. खरं बोलणाऱ्यावर मी रागवत नाही."

मला वाटलं, तात्यांना बरं वाटेल. पण त्यांचा चेहरा असा झाला, जसा कोणी थोबाडीत मारल्यावर होतो.

गोळी बंद झाली. तात्यांचे डोळे खोल गेले, गाल बसले. पण गंमत अशी की स्वप्नं काही थांबली नाहीत. उलट त्या महिन्यांतली स्वप्नं सगळ्यात देखणी होती. त्यात उजनीवर येणारी परदेशी पाखरं आपल्या गुलाबी पंखांची गोधडी शिवत बसलेली असत. एक म्हातारं झाड रात्रीचं उठून शेजारच्या गावाला पाहुणं जाऊन येत असे. लोक कुजबुजायला लागले की तात्यांना अजून कुठून तरी माल मिळतोय. पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. चुलीतली राख उकरली, उशी फाडली. कुबडी पोकळ आहे का ते बघायला वाजवून पाहिली. एक शिपाई म्हणाला, "धोतराखाली डाव्या बाजूला काय लपवलंय?"

"तितंच तर काय न्हाय," तात्या म्हणाले.

खटला इंदापूरच्या कोर्टात उभा राहिला. साक्षीच्या दिवशी धारा काढून अर्धं गाव एसटीत चढलं. सखूआक्का खिडकीशी. तात्या पुढच्या बाकावर, धुतलेलं धोतर, कपाळाला भंडारा. बाहेर उसाचे तुरे वाऱ्यावर पांढरे होऊन वाहत होते. मी विचारलं, "तात्या, काल काय स्वप्न पडलं?" त्यांनी ऐकलंच नाही.

शैलाताई आरोपीच्या जागी सरळ उभ्या होत्या. तात्यांनी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी घाई न करता सुरुवात केली.

"रात्री तुम्ही ही गोळी घेत होता?"

"व्हय."

"घेतल्यावर तुम्हाला स्वप्नं पडायची."

तात्यांनी कुबडी काखेत नीट घेतली.

"बोला. तुमच्या जबाबात आहे."

"न्हाय."

"काय नाही?"

"सपान पडत न्हाय. कदीच न्हाय."

मागच्या बाकावरून सखूआक्का मोठ्यानं म्हणाली, "आता गं बया!" पट्टेवाल्यानं डोळे वटारले.

वकिलांनी चष्मा काढला. "रोज सकाळी गावाला सांगता ते काय मग?"

"ती मी रचतो."

"रचता? कधी?"

"दुपारी. लिंबाखाली बसून. येकेका सपनाला कदी कदी दोन दोन दिस लागत्यात."

कोर्टात हसू पिकलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनीही हसू लपवायला मान खाली घातली. वकिलांचा पारा चढला. साक्षीदार फितूर झाला, आता उलट प्रश्न विचारू द्या, असं त्यांनी साहेबांना सांगितलं आणि तात्यांकडे वळले.

"मग गोळी खाल्ल्यावर होतं तरी काय?"

"काय बी व्हत न्हाय, सायेब. त्याच्यासाठीच तर खातो. टाच दुखायची थांबती न् झोप लागती."

"कुठली टाच?"

"डावी."

"डावा पाय तर तुम्हाला नाही!"

"न्हाय. पर दुखतो."

"म्हणजे भास होतो. म्हणजे तुम्ही भानावर नसता."

"गोळी न्हाय आता कैक म्हयनं," तात्या शांतपणे म्हणाले, "तरी आत्ता, हितं हुबा हाय न् दुखतिया. तुमी भास म्हना. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. मग पडल्या पडल्या सपनं रचतो. म्हनून आताची बरी जमत्यात."

वकिलांनी शेवटचा प्रश्न टाकला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही अख्ख्या गावाशी खोटं बोललात. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

तात्यांनी कठड्याला धरलं. शैलाताईंकडे पाहिलं, मग आम्हा गाववाल्यांकडे. पहिल्यांदाच त्यांना ऐकणाऱ्यांची भीती वाटत होती.

"सायेब, मी येकटा असतो. दिस मावळल्यापास्नं घरात कुनाचा शबूद न्हाय. सकाळच्याला नुसतं डेअरीवर गेलं की लोक म्हनत्यात, काय पायजे? सपान घिऊन गेलं की म्हनत्यात, बसा."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "साक्षीदारानं खाली यावं. सांभाळून."

निकाल बऱ्याच दिवसांनी लागला. गोळीत पानच होतं, गांजा नव्हता, आणि ते नशेसाठी नाही तर औषध म्हणून दिलं जात होतं, असं कोर्टानं मानलं. बाई सुटल्या. नवा परवाना यायला आणखी वेळ गेला, पण तो आला आणि तात्यांची टाच पुन्हा गप्प झाली.

पण ते पुढचं. साक्षीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या डेअरीवर आलेच नाहीत. रांग होती, धुकं होतं, पायरी रिकामी होती. कोणी त्यांचं नाव काढलं नाही. प्रत्येक जण आपलं दूध ओतून खाली बघत घरी गेला. फक्त सखूआक्का धुसफुसत होती. "माझी म्हस इकाया लावली की रं मेल्यानं! शिंगावर चंद्र म्हनं!"

तिसऱ्या दिवशीही ते आले नाहीत. काम आवरून मी त्यांच्या घराकडे निघालो. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. ऊन नुकतंच पत्र्यावर चढलं होतं, ओलं गवत चमकत होतं, वाऱ्याला रानातल्या धुराचा वास होता. जवळ गेलो तर आतून आक्काचा आवाज. मला वाटलं, म्हशीचं भांडण लागलं. मी कुडाशीच थांबलो.

आक्का उंबऱ्यात फतकल मारून बसली होती. किटली शेजारी. तात्या चुलीपुढं, तिच्याकडे पाठ करून.

"बोल की," आक्का म्हणत होती.

"काय बोलू? सपान न्हाय माझ्याकडं."

"कोन मागतंय सपान? काल काय रांधलंस ते सांग."

तात्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "भाकरी."

"मग?"

"करपली."

"मग?"

"मग तशीच खाल्ली. पारू असती तर करपली नसती."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी शेकडो स्वप्नं ऐकली होती. त्यांत मेंढरं होती, मासे होते, एसटीचा कंडक्टर होता. त्यांच्या बायकोचं नाव पारू होतं, हे मला त्या सकाळी कळलं.

आक्कानं पदरानं नाक पुसलं. किटली पुढं सरकवली. "ठावं हाय मला पारू. इरजन मागाय यायची माझ्याकडं. उंबऱ्यात हुबी ऱ्हायची न् दिस वर येईस्तोवर हालायची न्हाय. लई बोलायची."

तात्या हळूहळू वळून तिच्याकडे तोंड करून बसले.

"व्हय," ते म्हणाले, "लई बोलायची."