डबीतली मोकळी जागा

तुमच्या फोनवर ‘जागा संपली’ अशी पाटी झळकली, की तुम्ही सगळ्यात आधी कुणाला बाहेर काढता?

खरं सांगा. कुणाच्या तरी लग्नातले एकसारखे फोटो तसेच राहतात, साहेबांचं भाषण राहतं, आणि गावाकडच्या आत्याने अडखळत बोललेला निरोप जातो. जागा कुणाला द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची, हा प्रश्न फोनातला असो नाहीतर गावातला, उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं.

आमच्या शेजारच्या सुदामकाका सोनकांबळेंवर ही वेळ येत नसे. त्यांचं गाण्यांचं यंत्र कायम निम्मं रिकामं असे. चुकून नाही, मुद्दाम.

काका नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणावर दरवाजे खालीवर करायच्या कामाला होते. निवृत्त होताना गळ्यातलं ओळखपत्र जमा करावं लागलं, पण त्याची दोरी त्यांनी ठेवून घेतली. आता त्या दोरीला एक छोटा म्युझिक प्लेअर लटकतो. त्यांच्या मुलाने, मिलिंदने, घेऊन दिलेला. काडेपेटीहून थोडा मोठा, त्यात गाणी वाजतात आणि बटण दाबलं की आवाजही टिपला जातो. काका त्याला डबी म्हणतात.

“काका, निम्मी डबी रिकामी आहे. भरून टाका की,” असं मी त्यांना पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गोदावरीत वाळूचा ट्रक घालायची परवानगी मागितली आहे.

“पोरी, धरण काठोकाठ भरून ठेवत नसतेत. येणाऱ्या पाण्याला जागा ठिवावी लागती.”

“गाण्यांना कुठं पूर येतो?”

“न्हाई आला तर न्हाई. आला म्हंजे? तवा जागा कुठून आणतीस?”

येणाऱ्या पाण्याला जागा ठेव. हे वाक्य काका कुठेही लावतात. जेवताना शेवटची भाकरी नाकारतात. एसटीत तिघांच्या बाकावर दोघंच असले तरी अंग चोरून बसतात. नवीन कपाट आणलं, तर त्यातला वरचा कप्पा काकूंना कशालाच वापरता येत नाही. काकू म्हणतात, “या माणसानं लग्नात बी अर्धा मांडव खाली ठिवला व्हता. पाव्हणे उन्हात बसले.”

माझी पत्रकंही त्यातून सुटली नाहीत. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढले. माझ्या वडिलांनी जन्मभर चळवळीची पत्रकं लिहिली, छापली, वाटली. आता मी लिहिते. काका माझं पत्रक दोन्ही हातांनी लांब धरतात आणि म्हणतात, “पत्रकबाई, लई भारी लिहिलंय. पर मोकळी जागाच न्हाई की! वाचणाऱ्यानं दम कुठं खायचा?”

आता गंमत अशी, की निम्मी डबी राखून ठेवल्यावर उरलेल्या निम्म्यात दाटी होणारच. जयंतीची गाणी, कव्वाल्या, जुन्या शाहिरांचे पोवाडे. नवीन गाणं घ्यायचं तर जुनं एक काढायला लागे. काका ते गुपचूप काढत नसत. रविवारी सकाळी ओट्यावर त्या गाण्याची ‘पेशी’, म्हणजे कोर्टासारखी सुनावणी, लागे. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून गाणं ऐकवायचं आणि मत विचारायचं. वकीलपत्र कायम माझ्याकडे.

“बोला वकीलबाई. या गाण्याला कामून ठिवायचं?”

“काका, या गाण्यात शाळेचं नाव आहे. आपल्या वस्तीत दुसऱ्या कुठल्या गाण्यात शाळा आहे?”

“हाव. पर हार्मोनियम बेसूर हाय.”

“बेसूर असली तरी विचार सुरात आहे!”

काका डोळे मिटून बसत. मग म्हणत, “पुढची तारीख.” एका कव्वालीला तर ते वर्षभर तारखा देत होते.

मिलिंदला हे सगळं बघून डोकं धरावंसं वाटे. तो दुकानात संगणक दुरुस्त करतो. त्याने सुचवलं, “बाबा, गाणी बारीक करून देतो. आत्ता एका गाण्याला जेवढी जागा लागती, तेवढ्यात तीन बसतील. ऐकताना फरक कळत न्हाई.”

“दुधात पाणी घालणारा बी हेच म्हणतो.”

“अहो, खरंच कळत न्हाई.”

“मला कळतंय. बारीक केलं की ढोलकी पातळ व्हती.”

मग त्याने एकच गाणं दोन्ही प्रकारे ऐकवलं. काकांनी कानात बोंड्या घालून दोन्ही ऐकली, आणि एकाला बोट लावून भरल्या गळ्याने म्हणाले, “ही बघ. ही खरी ढोलकी.” ती बारीक केलेली निघाली. आम्ही हसायला लागलो तर काका म्हणाले, “मुद्दाम म्हणलो. तुमची परीक्षा घेऊन राहिलो व्हतो.” पण गाणी काही त्यांनी बारीक करू दिली नाहीत.

“मग फोनवरच ऐका. महिन्याला पैसे भरले की जगातली सगळी गाणी,” मिलिंद म्हणाला.

“आन न्हाई भरले तर?”

“तर बंद.”

“म्हंजे भाड्याची गाणी.”

इथे मी काकांच्या बाजूने उडी घेतली. ज्यांच्या आजोबांना गावात स्वतःच्या नावाची जमीन नव्हती, त्यांनी आता गाणीही दुसऱ्याच्या नावावर ठेवायची का, असा सवाल मी मिलिंदला केला. तो म्हणाला, “ताई, मी फक्त वायफायचं बोलून राहिलो.”

पण एक गोष्ट मलाही कळत नव्हती. ती राखलेली निम्मी जागा नक्की कुणासाठी? विचारलं की काका, “येईल की,” म्हणत आणि दुसरीकडे बघत. वर्षातून दोनदा ते डबी घेऊन शिरूर अनंतपाळला मोठ्या बहिणीकडे जात. जाताना डबी नीट पुसत. येताना मान खाली. “काय झालं?” विचारलं तर म्हणत, “अक्काचा घसा बसलाय.” इतकी वर्षं बसलेला घसा मी दुसरा पाहिला नाही.

मग अक्काच नांदेडला आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. उंच, हडकुळ्या, काळा चष्मा लावून त्या काकांच्या अंगणात खुर्चीवर बसल्या, की एखाद्या मोठ्या खात्याच्या मंत्रीणबाई वाटत. डॉक्टरांनी वाकायचं नाही, चुलीपुढे जायचं नाही, काही उचलायचं नाही असं सांगितलं होतं. लहानपणापासून रोजगाराला गेलेल्या त्या बाईच्या हातांना आयुष्यात पहिल्यांदा काम नव्हतं. काकूंचा हात थरथरतो म्हणून डोळ्यात औषध टाकायला मी जात असे.

त्याच आठवड्यात मिलिंदने वडिलांना खूश करायचं ठरवलं. काका झोपले असताना त्याने डबी घरातल्या वायफायला जोडली. आता तार नको, काही नको. संगणकावर जे असेल ते डबीत आपोआप येणार, संगणकावर जे नसेल ते डबीतून आपोआप जाणार, दोन्हीकडे सारखंच राहणार. आणि त्यात एक सोयही होती, मोकळी दिसेल ती जागा आपोआप भरायची. मिलिंदने त्या सोयीवरही खूण केली. बिचाऱ्याने वडिलांची आवड ओळखून शेकडो जुनी गाणी गोळा केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाची बाटली घेऊन अंगणात शिरले, तर अक्का गुणगुणत होत्या. माझी चाहूल लागूनही थांबल्या नाहीत. आवाज आधी चाचपडत होता, मग त्याला वाट सापडली.

*हंड्यावरी हंडा बाई, डोईवर उन्हाचा भार*
*लेकीच्या गं पाटीवरती उघडलं अक्षरांचं दार*

हे गाणं मी कुठल्या जयंतीत ऐकलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मी जागीच उभी राहिले.

तेवढ्यात काका घरातून धावत आले. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल कोरा, हातात डबी. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि आवाज टिपायचं बटण दाबलं. डबीने टुं केलं. पुन्हा दाबलं. पुन्हा टुं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली.

“काय म्हणून राहिलंय हे?” त्यांनी डबी माझ्यापुढे धरली.

मी वाचलं आणि बोलून गेले, “जागा संपली.”

अक्का गायच्या थांबल्या.

काकांचं तोंड बघवेना. फेस वाळत चालला होता आणि ते डबीकडे पाहत उभे होते. काळ्या चष्म्याआडून अक्का म्हणाल्या, “पुन्हा?”

“अक्का, म्या न्हाई भरली. आईशप्पथ म्या न्हाई.”

“हौ. तवा बी तू न्हाईच भरली व्हतीस.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “ये पोरी, बस. या शहाण्याची गोष्ट सांगते.”

अक्का आणि काका तरुणपणी एकाच गायन पार्टीत होते. गाणी अक्का रचायच्या, खुरपं चालवता चालवता. पार्टीची कॅसेट काढायचं ठरलं. सगळे टेम्पोत बसून लातूरच्या स्टुडिओत गेले. अक्कांच्या दोन गाण्यांची पाळी सगळ्यात शेवटी ठेवली होती. बाया शेवटी, हा नियम तेव्हा कुणी लिहिला नव्हता, लिहावा लागतही नव्हता. एकेका बाप्यानं आपापलं गाणं लांबवलं. सगळ्यात शेवटचं लांबलेलं गाणं सुदामचं. रंगात येऊन त्याने दोन कडवी जास्त म्हटली.

“आन मग काचेमागचा माणूस म्हणला, जागा संपली. बाईचं पुढच्या कॅसेटीत घेऊ.” अक्का हसल्या. “पुढची कॅसेट कवा निघती म्हून मी वाट बघून राहिले. पार्टीच मोडली.”

त्यानंतर त्या माणसांत कधी गायल्या नाहीत.

मी संतापाने उभी राहिले. त्या काचेमागच्या माणसाला, त्या पार्टीला, सगळ्या बाप्यांना उद्देशून एक आख्खं पत्रक माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर बाप्या एकच होता, तोही अर्धी दाढी झालेला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी फेसात उतरत होतं. मी पत्रक गिळलं. फोन काढला.

“अक्का, माझ्या फोनमध्ये भरपूर जागा आहे. यात गा.”

“न्हाई,” अक्का म्हणाल्या. “तुझ्यात कामून? जागा यानं खाल्ली. यानंच करून द्यावी.”

काका खाली बसले आणि गाणी काढायला लागले. एकेक. प्रत्येकाचा निरोप घेत. “या कव्वालीला लई तारखा दिल्या, माफ कर बाप्पा.” “हा पोवाडा, हा तर...”

“सुदाम,” अक्का म्हणाल्या, “तू असा एकेकाला पोचवत बसलास तर माझा दुसरा डोळा पिकंल.”

“काका, चार-पाच काढली तरी पुरेल,” मी म्हणाले.

“चार-पाचात अक्का मावती व्हय? सगळी एकदम कशी काढायची ते सांग.”

मी दाखवलं. ‘सगळं पुसायचं का?’ असं डबीने विचारलं. इतक्या पेश्या, इतके निकाल, आणि काकांनी एका दमात ‘हो’ दाबलं. मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, ते पळत घरात गेले आणि त्यांनी मेन स्विचच खाली ओढला.

“अहो, पंखा!” आतून काकू ओरडल्या.

“राहू दे पंखा! ते वायफाय परत हवेतून शिरंल!”

त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. संगणकावर नसलेलं सगळं ते जोडकाम डबीतून पुसणारच होतं, आणि अक्का संगणकावर कुठे होत्या?

अक्का गायला लागल्या. हंड्याचं गाणं पुरं केलं, मग दुसरं, मग रोजगार हमीच्या खडीवर रचलेलं तिसरं. चौथ्याला काकांना राहवलं नाही. कोरसमध्ये त्यांनी हळूच सूर लावला.

“ए! तू गप,” अक्का गाणं थांबवून म्हणाल्या. “आता मपली बाजू चालू हाय.”

ते वाक्यही त्या डबीत आहे. आम्ही कापलं नाही.

संध्याकाळी मिलिंद आला. झाला प्रकार कळल्यावर तो रडकुंडीला आला. मग वायफायचं जोडकाम काढून टाकत म्हणाला, “बाबा, तुमची सगळी गाणी संगणकावर हायत. तारेनं परत टाकून देतो.” काकांनी अक्काची गाणी तारेनेच संगणकावर उतरवून घेतली, माझ्याकडे एक प्रत दिली, काकूंच्या फोनमध्ये एक ठेवली. पण डबीत स्वतःचं एकही गाणं परत घेतलं नाही.

“सध्या नको,” ते म्हणाले. “अक्काची अजून संपली न्हाईत.”

संपलेली नाहीतच. चष्मा निघाला, अक्का शिरूरला परतल्या. काका आता दर महिन्याला जातात. मागच्या खेपेला अक्कांनी त्यांना परत पाठवलं, कारण नवीन गाण्याचं शेवटचं कडवं जमत नव्हतं. नवीन गाण्याचं! त्या खेपेला काका रिकाम्या हातांनी, पण मान वर करून घरी आले.

आता तुम्हाला एक काम सांगते, आणि ते आजच करा. तुमच्या घरात, गल्लीत, गावाकडे अशी एक बाई नक्की आहे, जिला कुणीतरी कधीतरी ‘पुढच्या वेळी’ म्हणालं होतं. तुमच्या फोनमधलं काहीतरी पुसा. काय पुसायचं ते तुम्ही ठरवा. मग तिच्याकडे जा, बटण दाबा आणि फोन मधे ठेवा. ती म्हणेल, “मला कुठं येतंय.” तेव्हा उठू नका. बसून राहा.