गेदम्मा उद्या येईल

रविवारी सकाळी नागनाथपुढे दोनच कामं होती. एक, कूलरच्या टाकीत साठलेला हिरवा चिखल घासून काढणे. दोन, बायकोला स्कूटरवर बसवून तिच्या शाळेच्या गावी नेणे. त्याने दुसरं काम निवडलं. पुढे जे झालं ते पाहता टाकी घासणं परवडलं असतं, पण हे कळायला नागनाथला एक म्हैस लागली.

नागनाथ आदिलाबादजवळच्या एका तहसील कचेरीत कारकून. माणूस वाईट नाही. कुणाकडून काही घेत नाही, कुणावर ओरडत नाही, बुद्धपौर्णिमेला विहारात खिरीच्या पातेल्यापाशी सगळ्यात आधी हजर असतो (वाढायला, असं तो सांगतो). त्याला खोड एकच, आणि तीही त्याची नव्हे, त्याच्या खुर्चीची. समोर कुणीही येवो, काहीही मागो, नागनाथ मान वर न करता म्हणायचा, "होऊन जाईल. उद्या या." त्याच्या आधी त्या खुर्चीवर बसलेलेही हेच म्हणत. ऐकणाऱ्याला अर्थ ठाऊक असतो. 'उद्या या' म्हणजे उद्या येऊ नका. शहाणा माणूस नमस्कार करून घरी जातो आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा तेच ऐकायला येतो. यात कुणी कुणाला फसवत नाही.

त्याची बायको प्रतिभा मराठी शाळेत बाई. शाळा तामसीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. दर जूनमध्ये सरकारी शिक्षकांना 'बडी बाट' करावी लागते, म्हणजे घरोघर जाऊन, 'पोरं आमच्या शाळेत घाला हो,' असं विनवावं लागतं. यंदा प्रतिभाची विनवणी जरा जास्तच कळकळीची होती. पहिलीत पोरं आली नाहीत तर मराठी शाळा शेजारच्या तेलुगू शाळेत मिसळणार, आणि प्रतिभाची बदली इंद्रवेल्लीच्याही पलीकडे, जंगलातल्या गावी होणार, अशी चर्चा होती. सोमवारी शाळा उघडायची होती आणि त्याच दिवशी दुपारी मंडलाचे शिक्षणाधिकारी, म्हणजे एमईओ सर, डोकी मोजायला येणार होते. प्रतिभाला शाळेची काळजी होती. नागनाथलाही काळजी होती, पण ती गॅसच्या शेगडीपासून सुरू होऊन जेवणाच्या ताटापाशी संपायची. त्याला स्वयंपाकातलं एवढंच येत होतं की पाणी उकळलं की बुडबुडे येतात.

गावात जयवंताबाईंच्या ओसरीवर गल्लीतली झाडून सगळी पोरं सापडली. पण ती प्रतिभाची वाट पाहत नव्हती, टीव्ही पाहत होती. तेलुगूत गेदे म्हणजे म्हैस आणि बडी म्हणजे शाळा. पडद्यावर 'गेदम्मा बडी' नावाचं कार्टून चाललं होतं. त्या शाळेत हेडमास्तरीण म्हैस. नाकावर चष्मा, शिंगाला घंटा. ती बोलत काहीच नाही. पोरांचं उत्तर चुकलं की फुर्रकन नाक उडवते, बरोबर आलं की मान खाली घालते. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि टीव्हीत तेलुगू ऐकणाऱ्या या पोरांना न बोलणारी बाई फार सोयीची वाटत असावी.

प्रतिभाने पुस्तकं सांगितली, गणवेश सांगितला, दुपारचं गरम जेवण आणि त्यातलं अंडं सांगितलं. एकाही पोराची मान हलली नाही.

"काही ऐकत नाही बाई हे पोट्टे," जयवंताबाई म्हणाल्या. "ते इंग्रजीवाल्याची पिवळी बस येते ना, तिच्यात बसाचं म्हनते. तुमी आत या, चहा घ्या."

प्रतिभा चहाला आत गेली. नागनाथ बाजेवर मोबाईल पाहत बसला. तेवढ्यात जाहिराती लागल्या आणि जयवंताबाईंची नात रुपा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सार, तुमच्या शाळेत गेदम्मा हाये का?"

"होऊन जाईल," मान वर न करता नागनाथ म्हणाला. "उद्या या."

"उद्या?"

"उद्या."

"चष्मा घालून?"

"होऊन जाईल म्हनलं ना."

रुपा सगळ्या पोरांकडे वळली आणि तिने निकाल जाहीर केला. नागनाथच्या ध्यानीमनीही काही नव्हतं. लहान पोरं कधी तहसील कचेरीत आलेली नसतात, आणि त्यांना 'उद्या' म्हणजे खरोखरच उद्या वाटतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी कचेरीत प्रतिभाचा फोन आला. "अहो, वर्ग भरला! पोट्टे आपले-आपले चालत आले. पिवळी बस रिकामी उभी हाये. तुमी काय सांगतलं काल त्यायले?"

लग्नानंतर बायकोने कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ. नागनाथने छाती फुगवून शेजारच्या टेबलावरच्या जीवनला सांगितलं, "बायकोच्या डिपार्टमेंटचंबी आपल्यालेच पाहा लागते बाप्पा."

छाती फुगलेली असतानाच दुसरा फोन आला. प्रतिभा एरवी आदिलाबादची मराठी बोलते. रागावली की मात्र पाठ्यपुस्तकातली बोलते. "आपण काल माझ्या विद्यार्थ्यांना म्हैस देण्याचे आश्वासन दिले आहे काय?"

"म्हैस? मी? नाही गा... म्हंजे ते पोट्टी इचारत होती, मी आपलं..."

"विद्यार्थी म्हणतात, म्हैस न आल्यास ते दुपारच्या जेवणाआधी घरी जातील. बसचा चालक त्यांना हाका मारीत आहे. एमईओ सर जेवणानंतर येतील. तोपर्यंत म्हैस यावी. अन्यथा मी इंद्रवेल्लीची तयारी करते आणि आपण पोळ्या शिकाव्यात."

पोळ्या हा शब्द नागनाथच्या जिव्हारी लागला. अर्धी रजा टाकून तो स्कूटरने सुसाट गावात आला. (वाटेत त्याने पहिल्यांदाच विचार केला की म्हैस मागायची असते कशी. अर्ज तर करता येत नाही.)

गावात शांत म्हणून नावाजलेली म्हैस एकच, फकिराची. फकिरा लिंबाखाली बसून दोरखंड वळत होता. नागनाथला पाहून तो उठला नाही.

"फकिरा, तुही म्हैस घंटाभर शाळेत पायजे."

फकिराने दोरखंडाकडे पाहत सांगितलं, "होऊन जाईल सार. उद्या या."

नागनाथला वाटलं, आपण आरशापुढे उभे आहोत. "अरे, उद्या नाही, आत्ता पायजे! पोट्टे थांबून राह्यले!"

"माही पोट्टीबी थांबून राह्यली. बासरच्या कालेजात नंबर लागला तिचा. उत्पन्नाचा दाखला पायजे म्हनते. मी उन्हाळाभर तुमच्या टेबलापुढं उभा. तुमी मले वळखलं तरी का?"

नागनाथने त्याला ओळखलं नव्हतं. मान वर न करता बोलणाऱ्याला फक्त लोकांच्या चपला ओळखता येतात. त्याने फकिराच्या पायांकडे पाहिलं, आणि हो, ही अंगठा तुटलेली चप्पल त्याने खूपदा पाहिली होती. त्याला खरोखर लाज वाटली. तिथेच उभं राहून त्याने जीवनला फोन लावला.

"फकिराचा दाखला आत्ता काढ. आत्ता म्हंजे आत्ता. साहेबाची सही घे अन् फोटो पाठव."

 पलीकडून जीवन काळजीने म्हणाला, "नागनाथ, तब्येत बरी हाये ना? ऊन लागलं का?"

दाखल्याचा फोटो आला तेव्हाच खुंट्याचा दोर सुटला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, नागनाथने म्हशीचा दोर धरला. म्हैस शांत होती यात शंका नाही, पण शांत माणसासारखीच ती कुणाचंही ऐकत नव्हती. वाटेत ती हापशावर थांबली, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या साडीचा पदर चाखून पाहिला आणि मग स्वतःच्या मर्जीने शाळेच्या फाटकातून आत शिरली. लोकांना वाटलं, तीच नागनाथला शाळेत घालायला आली आहे.

पोरं व्हरांड्यात गप्प उभी होती. रुपाने म्हशीभोवती चक्कर मारली.

"चष्मा?"

नागनाथने निमूटपणे आपल्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. एका पोरीच्या वेणीतल्या लाल रिबिनीने तो म्हशीच्या शिंगांना बांधला. मग त्याला म्हैस धूसर दिसू लागली, पण पोरांना ती लख्ख गेदम्मा दिसली. सगळी पोरं टाचा जोडून ओळीत बसली. प्रतिभाने फळ्यावर 'अ' काढला. पोरं ओरडली, "अ!" म्हशीने माश्यांना वैतागून नाक उडवलं.

"चुकलं!" रुपा म्हणाली. "पुन्हा म्हना."

पुन्हा 'अ' झाला, पुन्हा फुर्र. माश्या काही कमी होत नव्हत्या. पोरं घशाच्या शिरा ताणून 'अ' म्हणत राहिली, आणि अखेर म्हशीने गवताच्या काडीसाठी मान खाली घातली तेव्हा असा जल्लोष झाला की पिवळ्या बसचा ड्रायव्हरही खाली उतरून पाहायला आला. प्रतिभाने वर्षानुवर्षं प्रशिक्षणं घेतली होती. एवढ्या थोड्या वेळात एवढा पक्का 'अ' तिने कुणाकडून करवून घेतला नव्हता.

त्याच वेळी एमईओ सरांची मोटारसायकल आत आली. सर तेलुगू माणूस, मराठी शाळेत आले की हिंदी बोलत. त्यांनी म्हैस पाहिली, चष्मा पाहिला, रिबीन पाहिली.

"मॅडम, ये क्या है?"

नागनाथने डोळे मिटले. (मिटून फारसा फरक पडला नाही, चष्मा नव्हताच.) प्रतिभा मात्र डगमगली नाही.

"टीएलएम है, सर," ती म्हणाली.

टीएलएम म्हणजे शिकवण्याचं साहित्य: तक्ते, मण्यांच्या माळा, पुठ्ठ्याची घड्याळं. सरांनी आजवर पुठ्ठ्याची घड्याळं इतकी पाहिली होती की त्यांना स्वप्नातही तीच दिसत असावीत. श्वास घेणारं टीएलएम ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी मोबाईलवर फोटो काढले, डोकी मोजली आणि वर्ग चांगला भरला आहे, शाळा इथेच राहील, असं सांगून टाकलं. प्रतिभाचे डोळे भरून आले. तिने नागनाथकडे पाहिलंही, आणि त्या पाहण्यात राग अजिबात नव्हता.

मग सरांचं लक्ष दोर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं. "और ये कौन है?"

आनंदाच्या भरात प्रतिभा म्हणाली, "ये भैंस के साथ आए हैं, सर."

म्हशीने नेमकं तेव्हाच शेण टाकलं, आणि सरांनी भैंस के साथ आलेल्या माणसाकडे बोट दाखवून ते उचलायला सांगितलं. नागनाथने उचललं. पोळ्या लाटण्यापेक्षा ते सोपं होतं.

खरा प्रकार झाला तो मंगळवारी. नागनाथ कचेरीत पोचला तर त्याच्या टेबलापासून फाटकापर्यंत रांग लागलेली. फकिराला दाखला मिळाला आणि पोरांना म्हैस मिळाली ही बातमी आजूबाजूच्या सगळ्या गावांत पोचली होती. लोकांचं म्हणणं साधंच होतं: तुम्ही आम्हालाही 'उद्या या' म्हणाला होता, तर आम्ही आलो आहोत.

रांगेत पहिल्या होत्या जयवंताबाई, पेन्शनच्या कामासाठी. सोबत शाळेतून अर्धी रजा घेऊन आलेली रुपा. आजीच्या आधी तीच बोलली.

"सार, टीव्हीत आता वाघबी आला. इन्स्पेक्टर हाये थो. आमच्या शाळेत शनवारी वाघ पायजे."

नागनाथच्या तोंडात ते दोन शब्द तयारच होते. ओठ उघडलेही. रांगेतला प्रत्येक माणूस कान टवकारून पुढे झुकला. तिकडे ताडोबाकडून वाघ अधूनमधून खरंच या जंगलात येतात, हे नागनाथला आठवलं. त्याने मान वर केली, रुपाच्या डोळ्यांत पाहिलं आणि सबंध नोकरीत पहिल्यांदा म्हणाला, "नाही. वाघ होनार नाही."

रुपाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "मंग तुमी कायले बसले इथं? तुमच्या खुर्चीवर गेदम्माले बसवा ना. ते तं दुसऱ्याच दिवशी आली."

जयवंताबाईंनी नातीला दटावलं नाही. उलट त्यांनी मागे वळून रांगेचं मत घेतलं. रांगेने प्रस्तावावर गंभीरपणे विचार केला. अडचण फक्त दाखल्याचा कागद न्यायला आलेल्या फकिराने काढली.

"बसवाले हरकत नाही," तो म्हणाला, "पन दूध काढून, पानी पाजून तिले इथं याले अकरा वाजते."

"मंग या सारले याले कितीक वाजते?" जयवंताबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा कधीच वाजून गेले होते.