तळाच्या पाण्याची बाटली

पाण्याच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय! धरणातल्या पाण्याचे नमुने घेणं हेच माझं काम. घरचा प्युरिफायरसुद्धा मीच बसवला. मेकॅनिकला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बसवल्यापासून उघडून पाहायची वेळ आली नाही, इतका पक्का!

तर त्या उन्हाळ्यात जलाशयाच्या तळाचं पाणी सडलंय, अशी माझी खात्री झाली. आणि शहराला पाणी जायचं ते नेमकं खालच्या दारातून.

"साहेब, वरचं दार उघडा. लोक आजारी पडतील!"

"पुरावा आणा. तुमच्या खात्रीवर दारं उघडत नाहीत."

"आणतो!"

होडीतून गेलो आणि दोरी पार तळापर्यंत सोडून बाटली भरून आणली. येईपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप! नमुना गार राहायला हवा, म्हणून बाटली घरच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि सकाळी केमिस्टबाईंच्या हातात दिली. मला सर्दी झाली होती, त्यामुळे वासाबिसाची भानगडच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "वास नाही, गाळ नाही. पण जंतू? अहो, मोजता मोजता डोळे दुखले माझे!"

"वास नाही ना? मग एवढं काय!" साहेब म्हणाले. "बघू पुढच्या महिन्यात."

माझं टाळकंच सरकलं. टेबलावर मूठ आपटली. साहेबांचा चहा त्यांच्याच शर्टावर सांडला.

"राजीनामा देईन, पण हे पाणी कुणाला पाजू देणार नाही! तुम्ही पिऊन दाखवा एक घोट!"

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि वरचं दार उघडायचा हुकूम दिला.

छाती पुढे काढूनच घरी आलो. प्युरिफायरचं पाणी गटागटा प्यायलो आणि बायकोला सगळी हकिकत रंगवून सांगितली.

"कुठली बाटली? फ्रीजमधली?" ती म्हणाली. "शी! कसला घाण वास मारत होती! ओतून दिली मी. उकळत्या पाण्यानं धुतली आणि आपल्या प्युरिफायरचं पाणी भरून ठेवलं."

"अगं, तिच्यावर चिठ्ठी होती!"

"होती की. 'पाणी' लिहिलं होतं. मग पाणीच भरलं ना मी?"

हातातल्या पेल्यात उरलेलं पाणी मी मोरीत ओतलं. पोटात काहीतरी पोहायला लागल्याचा भास झाला. पण माघार घेईन तर मी कसला! सकाळी पुन्हा होडी काढली, पुन्हा तळ गाठला आणि बाटली छातीशी धरून थेट बाईंच्या टेबलापाशी जाऊन बसलो. या खेपेला वास असा होता, की साहेब स्वतः खिडक्या उघडत फिरले. तपासणीत पाणी वाईटच निघालं, जंतू मात्र पहिल्या बाटलीपेक्षा थोडे कमी. वरचं दार उघडंच राहिलं आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली.

म्हणजे माझंच खरं ठरलं! तळाचं पाणी पिण्याजोगं नव्हतंच. फक्त आमच्या प्युरिफायरच्या पाण्यापेक्षा जरा बरं होतं, एवढंच.