एकही घर रिकामं नाही!

"तू बघच! उद्या आमच्या इमारतीत एक घर जरी रिकामं दिसलं ना, तर मिशी उतरवीन!" काळजीनकोरावांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

काळजीनकोराव हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. पालिकेच्या भाड्याच्या घरांची एक चार मजली इमारत त्यांच्या देखरेखीखाली होती, आणि काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "काळजी नको!" इकडे निम्मी घरं ओस! एका घराला नळ नाही म्हणून ते बंद. दुसऱ्याला नळ आहे, पण नळाच्या खर्चावर सही नाही म्हणून तेही बंद! आणि उद्या वरिष्ठ मॅडम जातीने पाहणीला येणार होत्या.

एवढी घरं सांभाळणारे राव स्वतः मात्र सासूबाईंच्या स्वयंपाकघरात झोपायचे. डोकं ओट्याखाली, पाय फ्रिजला टेकलेले. कुणाला पाणी प्यायचं असलं की आधी रावांचे पाय उचलून बाजूला ठेवावे लागत. कर्मचारी म्हणून एक घर मिळावं असा त्यांचा अर्ज कधीचा वर गेला होता. बायकोने तर त्या घरासाठी पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं, बिचारीने!

"मॅडम खूश झाल्या की आपलं घर पक्कं!" राव म्हणाले.

"अहो, पण सगळीच घरं भरलेली दिसली, तर मग आपल्याला..."

"अगं, ऑफिसातल्या गोष्टी तुला नाही कळायच्या. काळजी नको!"

सकाळी सासूबाई, मेव्हणा आणि बायको अशी फौज इमारतीत दाखल झाली. रिकाम्या घरांच्या गॅलऱ्यांत दोऱ्या बांधल्या, त्यांवर घरातले झाडून सगळे कपडे वाळत घातले, दारांपुढे चपला मांडल्या. मॅडम एका मजल्यावर असेपर्यंत फौजेने मागच्या जिन्याने वरचा मजला गाठायचा आणि तिथे नवा संसार थाटायचा, असा एकूण बेत होता.

"आई, एक लक्षात ठेवा," रावांनी सासूबाईंना बजावलं. "कुणी काहीही म्हणो, घर आपलंच आहे म्हणायचं. आणि मला अजिबात ओळख दाखवायची नाही!"

"ती तर मी आनंदाने नाही दाखवणार, जावईबापू!"

मॅडम आल्या. पहिल्या मजल्यावर सासूबाई भाजी निवडत होत्या. दुसऱ्यावर चष्मा लावून भाजी निवडत होत्या. तिसऱ्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळून, भात्यासारखा श्वास घेत भाजी निवडत होत्या!

"इथल्या सगळ्याच आजींना धाप कशी लागते हो?" मॅडमनी विचारलं.

"जिने उंच आहेत, मॅडम!"

"आणि हे गृहस्थ?" मेव्हण्याचे सगळे शर्ट दोरीवर असल्यामुळे तो चादर गुंडाळून कोपऱ्यात बसला होता. "खालच्या मजल्यावरचे पण चादरीतच होते!"

"साथ आहे, मॅडम! तापाची! काळजी नको!"

मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि लगबगीने चौथा मजला गाठला. तिथल्या दोऱ्यासुद्धा कपड्यांनी वाकलेल्या पाहून त्या खूश झाल्या.

"शाब्बास! वाईट एवढंच वाटतं, की तुमचा अर्ज मी मंजूर करूनच आणला होता. जे घर रिकामं दिसेल ते आजच तुम्हाला देऊन टाकायचं, असं ठरवून आले होते. पण इथे तर मुंगीला शिरायला जागा नाही!"

रावांच्या पायांखालची फरशीच सरकली.

"आहे, मॅडम, आहे! हे समोरचंच घर रिकामं आहे!" म्हणत त्यांनी दार ढकललं. आत सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, उठा! मॅडमना सांगा, हे घर रिकामं आहे!"

"रिकामं? जन्म गेला माझा या घरात!" सासूबाई कडाडल्या. "तुम्ही कोण हो?"

राव डोळ्यांनी खुणा करू लागले. उठा, उठा!

"अगं बाई! मॅडम, बघा हो, हा मेला मला डोळा मारतोय!"

"मॅडम, या माझ्या सासूबाई आहेत! शपथेवर सांगतो!"

"असला जावई?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "माझ्या लेकीचं नशीब काही इतकं फुटकं नाही!"

"लाज नाही वाटत?" मॅडम संतापल्या. "स्वतःला घर हवं म्हणून एका आजींना रस्त्यावर काढता?" त्यांनी मंजुरीचा कागद तिथल्या तिथे टराटरा फाडला आणि तरातरा जिना उतरून गेल्या.

रावांची मिशी तेवढी शाबूत राहिली.

संध्याकाळी कपड्यांची गाठोडी वाहत फौज घरी परतली. सासूबाईंचा आनंद गगनात मावत नव्हता. "तुम्ही पढवलंत त्यातला एक शब्द चुकले नाही, जावईबापू! आता घर कधी मिळणार?"

राव गुपचूप ओट्याखाली सरकले. बायकोने पडद्याचं कापड आणून त्यांच्या अंगावर टाकलं.

"घ्या पांघरायला. फ्रिजजवळ गार लागतं," ती म्हणाली. "काळजी नको!"