हजेरीच्या तहाची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जिच्या दारी घंटेने दिवस उगवतो आणि घंटेनेच मावळतो, तिला नमन करून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपदमासी एका राज्यात पालकांचे दोन पक्ष पडले. राज्य म्हणजे दुमजली शाळा, पुढे पटांगण, मागे दगडी कुंपण, आणि अधिपती मुख्याध्यापिका सुमतीबाई.

ते राज्यी चौथ्या इयत्तेत मैथिली नामे कन्या होती. तिचे वडील विश्रामराव ओगले परमुलखी चाकरीस गेले, आणि काही काळ रविवारी संगणकाच्या पडद्यावर दर्शन देत, मग तेही बंद जाहले, आणि तिकडे दुसरा संसार मांडल्याची खबर आली. ते दिवसापासून कन्येने बोलणे सोडिले. डॉक्टर जाहले, समुपदेशनाच्या बाई जाहल्या, गुण आला नाही. मान हलवी, बोट दाखवी, शब्द नाही. परंतु वर्गात सोनटक्के गुरुजी सकाळी हजेरी पुकारीत, आणि त्यांच्या वर्गात 'येस सर' चालत नसे, 'हजर' म्हणावे लागे, आणि आपले नाव आले की मैथिली 'हजर' म्हणे. उभ्या दिवसात तो एकच शब्द.

मातोश्री कालिंदीबाई पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्याचे कामी होत्या. गुरुजींनी ही गोष्ट कानी घातल्यापासून त्या कन्येस फाटकाशी सोडीत, निघाल्यासारखे करीत, आणि वळसा घेऊन कुंपणामागे वर्गाच्या खिडकीखाली उभ्या राहत, आणि एकेक नाव ऐकत, आणि 'हजर' कानी पडले म्हणजे मग बस धरीत. हे कोणासही ठाऊक नव्हते.

ऐसे चालले असता यंत्रांची मसलत निघाली आणि पालकांचा दरबार भरला. यंत्रपक्षाचे सरदार जयवंतराव लोणकर उभे राहिले आणि बोलिले, "जग कुठे चाललंय आणि आपण अजून फळा पुसतोय! प्रत्येक मुलाच्या हाती टॅब पाहिजे." त्यावर खडूपक्षाच्या तारामतीबाई शेवडे उसळल्या, "माझ्या नातवाला आत्ताच जाड भिंगाचा चष्मा लागलाय. तुमच्या टॅबने काय, काठी देणार त्याच्या हातात?" जयवंतराव म्हणाले, "काकू, तुम्ही मघापासून मोबाईलवर काय बघताय मग?" "पाककृती बघत्येय! तुझ्यासारखी कंपनी नाही चालवत." दरबार हसला, आणि मग पुन्हा भांडला, आणि चहा गार जाहला, आणि कोणाचे कोणास ऐकू येईना.

मग सुमतीबाईंनी तह मांडला. टॅब वर्गात येऊ नयेत, फळा राहावा. मात्र दारी एकच यंत्र बसवावे, ते मुलाचा चेहरा पाहून हजेरी मांडील आणि घंटा होताच पालकांस संदेश धाडील. गुरुजींचा वेळ वाचेल. हे ऐकून तारामतीबाईही म्हणाल्या, "हे मात्र बरं. पोर पोचलं की नाही, जीव टांगणीला असतो." एवढी एकच गोष्ट दोन्ही पक्षांस मानवली.

तेव्हा कालिंदीबाई, ज्या कोणत्याही पक्षी नव्हत्या, शेवटल्या रांगेतून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हजेरी तोंडी असावी."

"का बरं?" सुमतीबाईंनी पुसले.

खरे कारण सांगावे तर ते पालकांच्या तोंडून मुलांच्या कानी जाणार, आणि आई खिडकीखाली उभी असते हे मैथिलीस कळणार. तळाशी गाळ बसलेली बाटली निवळ राहावी तर हलवू नये, हे कालिंदीबाई जाणत होत्या. सबब इतकेच बोलिल्या, "मुलांना आपलं नाव ऐकू येतं."

"नाव मेसेजमध्येही येतं की, ताई!" जयवंतराव सौजन्याने म्हणाले. कोणी वाईट बोलिले नाही. पलीकडच्या बाईंनी तर बसायला पिशवी उचलून जागा दिली. मग हात वर जाहले, आणि तह ठरला, आणि टाळ्या पडल्या.

यंत्र बसले. पहिल्या दिवशी कालिंदीबाई रीतीप्रमाणे खिडकीखाली उभ्या राहिल्या. घंटा जाहली, आणि गुरुजी म्हणाले, "वह्या काढा, अपूर्णांक." नावे नाहीत. कुंपणावर मुंग्यांची रांग चालली होती. इतक्यात पिशवीत मोबाईल थरथरला. पडद्यावर अक्षरे आली: 'आपली पाल्य मैथिली विश्राम ओगले हजर आहे.' बाईंनी ते वाचले, आणि पुन्हा वाचले, आणि खिडकीकडे पाहिले. बस चुकली.

ते दिवशी सायंकाळी दोन ताटे वाढली, आणि कालिंदीबाई बसल्या, आणि भात कालवण्यापूर्वी सोनटक्के गुरुजींसारखे स्पष्ट म्हणाल्या, "मैथिली विश्राम ओगले." कन्येने ताटाकडे पाहिले. उत्तर नाही. दुसरे दिवशीही पुकारिले, उत्तर नाही. भाद्रपद सरला, आश्विन लागला, आणि बाई पुकारीत गेल्या, आणि उत्तरासाठी थांबून मग जेवीत गेल्या. आपला स्वर आपल्यासच परका वाटू लागला. त्या स्वयंपाकघरात दुसरा स्वर नव्हता.

मग एके सायंकाळी आमटी वाढता वाढता पुकारणे राहून गेले. पळी टोपात ठेविली, आणि मागून बारीक, बसका, पुष्कळ दिवस न वापरलेला आवाज आला.

"कालिंदी ओगले."

मधले नाव गाळिले होते. बाई वळल्या. मैथिली गुरुजींसारखी मान ताठ करून, बोट ताटाच्या कडेवर ठेवून वाट पाहत होती. कित्येक दिवसांत बाईंचे नाव कोणी असे पुकारिले नव्हते. कचेरीत 'ओगले मॅडम', दारी 'ताई', मोबाईलवर 'प्रिय पालक'.

"हजर," कालिंदीबाई म्हणाल्या.

कन्येने मान डोलावली, आणि घास घेतला.

येणेप्रमाणे तंटा मिटला. फळा वाचला म्हणून खडूपक्ष आपली फत्ते सांगतो, यंत्र आले म्हणून यंत्रपक्ष आपली सांगतो. यंत्र चोख चालते, चुकल्याची तक्रार नाही. ओगल्यांच्या घरी सायंकाळी दोन नावे पुकारली जातात. तिसरे पुकारीत नाहीत. हकीकत पुरी जाहली.