तकबरचा कान आणि सार्वजनिक वजनकाटा

माणसाच्या अंगात जे जे बिघडतं ते वजनामुळेच बिघडतं, याबद्दल वाळवंटातल्या आमच्या अतार गावात कधीच दुमत नव्हतं. वाद असलाच तर वजन कमी म्हणून बिघडलं की जास्त म्हणून, एवढाच.

तकबर लहान होती तेव्हा ते कमी असल्यामुळे बिघडायचं. ताप आला, उंटिणीचं दूध. पाय मुरगळला, दूध. लग्न जमेना, जास्त दूध. (नको म्हणणाऱ्या मुलीच्या पायाची बोटं दोन काठ्यांत चिमटत. याला माया म्हणत.) बारीक बायको म्हणजे नवऱ्याच्या तंबूची बेअब्रू. तकबरने कुणाची बेअब्रू होऊ दिली नाही.

पुढे शास्त्राने प्रगती केली आणि काठ्यांच्या जागी काटा आला.

यंदा खजूर पिकायच्या सुमारास तकबरचा कान ठणकू लागला. दुपारच्या चहाला बायका तिची थट्टा करत, ती तिला अर्धीच ऐकू येई, आणि अर्ध्या थट्टेला पुरतं उत्तर देता येत नाही. गावात जिच्या जिभेला सगळे भीत, तिला हे सोसवेना. ती दवाखान्यात गेली.

"मावशी, आधी काट्यावर," नर्स मनीना म्हणाली.

"अगं, कान दुखतोय माझा."

"असू दे की. काट्यावर उभं राहायला कान कुठे लागतो?"

डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि मान हलवली. साखर बंद, दूध बंद, रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या.

"कानासाठी?"

"सगळ्यासाठी."

मैदानावर तिला गुडघेवाल्या, डोळेवाल्या आणि नवरा वारल्यापासून झोप न येणारी एक, अशा सगळ्या भेटल्या. औषध एकच, त्यामुळे ओळख लवकर झाली. (दवाखान्याच्या वार्षिक अहवालानुसार तपासलेल्या प्रत्येक रुग्णाला वजन असल्याचं आढळलं.)

थंडी पडेपर्यंत तकबर निम्मी झाली. डॉक्टर हरखले. "तब्येत सुधारली!"

"काय म्हणालात?"

"सुधारली!"

"मोठ्याने बोला हो, ऐकू येत नाही!"

घरी नणंद लेमात वाटच पाहत होती. "अगं बाई, काय ही दशा! लोक म्हणतील, आम्ही तुला उपाशी मारतो."

"कान दुखतोय गं."

"दुखणारच! अंगात काही उरलंय का दुखण्याशी भांडायला?" आणि दुधाचं वाडगं तकबरच्या तोंडाला लागलं.

तकबर आता सकाळी दूध पिते, संध्याकाळी फेऱ्या मारते. आरोग्याच्या दोन्ही शाखा समाधानी आहेत. चहाच्या वेळी ती नुसती हसते, आणि बायका म्हणतात, म्हातारपणी बिचारीचा स्वभाव निवळला.

तिचं वजन नेमकं किती, हे मी मुद्दामच सांगितलं नाही, आणि मघापासून तुम्हाला ती चुटपुट लागली असणार. कान डावा की उजवा, हेही मी सांगितलेलं नाही. पण त्यावाचून अडलंय कुणाचं?