सात नंबरची प्रकृती उत्तम आहे

आमच्या संस्थेत जीवाणूंना ताण दिला जातो. हे काम कार्यालयीन वेळेत, दहा ते साडेपाच, रीतसर पार पडतं. जीवाणूला तापवायचं, उपाशी ठेवायचं, आम्लात बुचकळायचं आणि जीव वाचवायला तो कोणती प्रथिनं तयार करतो ते मोजायचं. मग त्याला रोगप्रतिकारक पेशींसमोर सोडायचं आणि त्या एकमेकींना 'शत्रू आला' असा रासायनिक निरोप किती जोरात धाडतात ते टिपायचं. मी या विभागाचा प्रमुख. ताणावर माझा अधिकार इतका की माझ्या केबिनमध्ये शिरणाऱ्याला तो आपोआप येतो.

माझी कीर्ती झाली ती सात नंबरमुळे. सात नंबर कशालाच डगमगत नाही. तापवला, प्रथिनं शून्य. आठ दिवस उपाशी ठेवला, शून्य. आम्लात टाकला तरी हूं की चूं नाही. रोगप्रतिकारक पेशींनी तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो वाढतही नसे, त्यामुळे नळीतलं पाणी कायम नितळ. त्यावर मी 'गाढ निद्रेतून साधलेली अजिंक्यता' असा सिद्धांत मांडला. अकरा वर्षं, तेवीस शोधनिबंध, दोन पदकं, एक बढती. एका नळीतला थेंब दुसरीत, दुसरीतला तिसरीत, असा त्याचा वंश आम्ही निष्ठेनं चालवला.

मग परिपत्रक आलं. शीतपेटीतल्या प्रत्येक जीवाणूच्या हयातीचा दाखला सादर करावा, दाखल्यावर तंत्रज्ञाची सही असावी. आमच्याकडे तंत्रज्ञ बाई कंत्राटावर होत्या. तीन वर्षांच्या कंत्राटाचे शेवटचे दोन महिने उरलेले, त्यानंतर त्या कायम होणार होत्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर त्यांच्यावरच होतं, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "बाई, सह्या तेवढ्या करून टाका."

बाईंनी सह्या केल्या नाहीत. त्यांनी तपासलं. असली सवय आमच्याकडे लागते कुठून, कोण जाणे. चौथ्या दिवशी त्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, सात नंबरच्या नळीत कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

"म्हणजे मीठ-साखर घातलेलं पाणी आहे. तीनदा वाढवून बघितलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. अगदी पहिली नळी काढली. तिच्यातही तेच."

"दिसत नाही म्हणजे नाही, असं विज्ञानात नसतं."

"आडातच नाही सर, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मी दार लावून घेतलं. पहिल्या नळीवरची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. अकरा वर्षांपूर्वी मी चिठ्ठी चिकटवली, पाणी भरलं, तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली. जीवाणू घालायचा परत आल्यावर, असं ठरलं होतं. परत आल्यावर मी झाकण लावलं. लाज वाटली मला. अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली. पण पाणी पिऊन ती खाली बसली.

बाईंची टिप्पणी संचालकांकडे गेली आणि सात जणांची समिती बसली. समितीनं प्रश्न गांभीर्यानं घेतला. सात नंबर नाही असं मानलं, तर अकरा वार्षिक अहवाल, माझी बढती, संचालकांचे चार परदेश दौरे आणि तळमजल्यावरचं 'सात नंबर सभागृह' यांचं काय करायचं? तेव्हा जीवाणूचं नसणं प्रशासकीयदृष्ट्या सोयीचं नाही, यावर तासाभरात एकमत झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक सदस्य म्हणाले. ते इतिवृत्तात 'सखोल चर्चा' म्हणून नोंदवलं गेलं.

संचालक माझ्याकडे वळले. "तुम्ही यातले तज्ज्ञ. शत्रू नसताना एखादी पेशी धोक्याचा निरोप देत सुटली, तर शरीर काय करतं?"

प्रश्न कुठे निघालाय ते मला कळलं होतं. उत्तर मात्र पाठ होतं. "निरोगी शरीर अशा पेशीला आवरतं," मी म्हणालो, "नाहीच ऐकलं, तर काढून टाकतं." शास्त्रीयदृष्ट्या यात अक्षरही चूक नव्हतं. शिवाय बाईंच्या मते शत्रू नव्हता, हे बाईंनीच लिहून दिलं होतं. तज्ज्ञांच्या मतानुसार बाईंना कायम करण्यात येऊ नये, असा ठराव झाला. हयातीच्या दाखल्यावर मी स्वतः सही केली: सात नंबर हयात असून त्याची प्रकृती उत्तम आहे.

घरी बायकोनं विचारलं, "मग तुम्ही काय बोललात?"

"मला पेशींबद्दल विचारलं होतं."

"आणि बाईंबद्दल?"

"ते विषयपत्रिकेवर नव्हतं."

तिनं ताट वाढलं आणि ती आत निघून गेली. जेवण गेलं नाही मला. म्हणजे थोडं कमी गेलं.

कंत्राट संपलेल्यांना सन्मानानं निरोप द्यायची आमच्याकडे चांगली पद्धत आहे. सात नंबर सभागृहात सगळी संस्था जमली. मी बाईंच्या सचोटीवर दहा मिनिटं बोललो, मध्ये मला गहिवरही आला. तो खरा होता, पण वेळही बरोबर साधली गेली. मग बाई उठल्या. हातात पुष्पगुच्छ तसाच.

"सगळ्यांचे आभार. एकच विचारते. त्या नळीत काही नाही, हे इथे ज्यांना आधीपासून माहीत होतं, त्यांनी हात वर करा. माझं काय व्हायचं ते झालंय. मला फक्त बघायचंय."

बाई थांबल्या, घाई नसल्यासारख्या. संचालकांनी चष्मा पुसायला घेतला. माझ्या हाताशेजारी माईक होता, म्हणून मला हात हलवता आला नाही. अख्ख्या सभागृहात एकही हात वर झाला नाही. बाईंनी मान हलवली, पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला आणि त्या निघून गेल्या.

तुम्ही मला हसताय. हसा, मी त्याच लायकीचा आहे. पण मंचावरून सगळं दिसत असतं. मागून तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, नेमके त्याच वेळी बुटाची नाडी बांधायला वाकलेले तुम्हीच होतात ना? नाडी तर बांधलेलीच होती.